ताईच्या चालीचे नियम

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका कमी बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. एखादं वाक्य बोलायचं तर आधी ते मनात दोनदा तपासणार, आणि तोवर बाकीच्यांचा विषय बदललेला असणार. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत होते. हा माणूस मला तेव्हा अजिबात आवडला नव्हता. आजही पूर्ण आवडतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यांच्याबद्दल सांगायला दुसरं कुणी पुढे येणार नाही, आणि ते स्वतः तर मुळीच सांगणार नाहीत. तेव्हा मीच सांगते.

पडद्याच्या कापडावर छपाई करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर नक्षी काढली. सुरुवातीला ब्रशने, कागदावर. मग मालकांनी कॉम्प्युटर आणला. बाकीचे चित्रकार कुरकुरले आणि एकेक करून दुसरीकडे गेले. भाऊजी राहिले. निष्ठा वगैरे काही नाही, नवी नोकरी शोधायची तर लोकांशी बोलावं लागतं, म्हणून. रिकाम्या झालेल्या त्या खोलीत बसून ते प्रोग्राम लिहायला शिकले. तीच ती फुलं हातानं काढून त्यांना कंटाळा आला होता. फूल काढायला सांगितलं की हे फूल मुळात वाढतं कसं ते वाचत बसायचे. पाकळी कुठून फुटते, फांदीला फाटा कधी फुटतो, काचेवर बर्फाची नक्षी कशी पसरते. मग तसेच नियम लिहून कॉम्प्युटरला द्यायचे आणि हात मांडीवर ठेवून बघत राहायचे. ‘मी काढत नाही, वाढू देतो,’ असं एकदा म्हणाले होते. हे वाक्य ताईनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, कारण त्या वर्षात त्यांचं तेच काय ते वाक्य होतं.

त्यांचं नाव झालं ते मुंग्यांवर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर शेकडो मुंग्या सोडायच्या. मुंग्या म्हणजे नुसते ठिपके. प्रत्येक मुंगी चालताना मागे वास सोडते. वास हळूहळू उडून जातो. बाकीच्या मुंग्या जिकडे वास जास्त तिकडे वळतात. बस, एवढंच. कुठे जायचं, काय काढायचं, हे एकाही मुंगीला सांगितलेलं नसतं. तरी बघता बघता वाटा पडतात, वाटांना फाटे फुटतात, फाटे एकमेकांना मिळतात, आणि अशी सुंदर नक्षी उमटते की हातानं काढायची म्हटलं तर माणूस वेडा होईल. कारखान्यात सगळे त्यांना मुंगीसाहेब म्हणायला लागले. मालकांनी ते कापड ‘नदी’ म्हणून बाजारात आणलं. माझं पडदे शिवायचं दुकान आहे, त्यामुळे ती नदी मी पुष्कळ शिवली. एक बाई होत्या, घरात एक मुंगी दिसली तरी पलंगावर चढून बसायच्या. त्यांनी बेडरूमच्या चारही खिडक्यांना तेच कापड घेतलं. मी चकार शब्द काढला नाही. धंदा म्हणजे धंदा.

मुंग्यांनंतर पक्षी आले. थव्याचे तीन नियम असतात असं त्यांनी ताईला आणि मला जेवताना सांगितलं. शेजाऱ्याला धडकायचं नाही, शेजारी जातील त्याच दिशेनं जायचं, आणि फार मागे पडायचं नाही. मी म्हटलं, हे तर सासरी नांदायचे नियम झाले. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. भाऊजींनी घास हातात धरून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘हो, तसंच आहे.’

अजून एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढे अडखळायला नको. कापडावरची नक्षी एका चौकटीत बसवतात आणि तीच चौकट शेजारी शेजारी छापत जातात. त्यामुळे चौकटीच्या उजव्या कडेला जे तुटतं ते डाव्या कडेला जुळावं लागतं, नाहीतर पडद्यात सांधा दिसतो. भाऊजींच्या प्रोग्राममध्ये याची सोय आधीच केलेली असायची. उजवीकडून बाहेर उडालेला पक्षी त्याच क्षणी डावीकडून आत यायचा. त्यांच्या कापडातून कुणीच कायमचं बाहेर जात नसे.

घरीही त्यांचं कॉम्प्युटरचं टेबल होतं. मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे. कारखान्यातून आले की चहा, आणि चहा झाला की टेबल. घराकडे पाठ. चाकं असलेली त्यांची ती खुर्ची स्वयंपाकघराच्या वाटेत अर्धी अशी घुसलेली असायची की येणाराजाणारा प्रत्येकजण वळसा घालून जायचा. पाणी हवं असेल तर ते नुसतं घसा खाकरायचे आणि ताई पाणी आणून द्यायची. हे मी पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तू त्यांना हे लाड शिकवलेस, असं मी ताईला तोंडावर सांगितलंय. ती म्हणायची, अगं, मी काय त्यांच्यासाठी उठते का, मला तशीही एका जागी बसवत नाही.

तेही खरंच होतं. ताई बालवाडीत शिकवायची. दिवसभर चिल्ल्यापिल्ल्यांच्या मागे धावून घरी आली तरी हिचे पाय थांबायचे नाहीत. मला धाकटीला तिनंच चालायला शिकवलं असं आई सांगायची, आणि मला ते खरं वाटतं, कारण मीही तशीच भरभर चालते. गेल्या हिवाळ्यात बालवाडीत मुलांना गोष्ट सांगता सांगता ती खाली बसली आणि परत उठली नाही. मी दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. मला माझी बहीण हवी आहे. अजूनही दुकान बंद करताना हात फोनकडे जातो. याहून वेगळं काही सांगता येत नाही मला.

भाऊजी रडले नाहीत. निदान कुणी पाहिलं नाही. भाची, म्हणजे त्यांची लेक, दुसऱ्या गावी असते. ती त्यांना न्यायला आली तर ते म्हणाले, बघू. मग काही महिन्यांनी तिचाच मला फोन आला, आवाज घाबरलेला. ‘मावशी, बाबा आईचा प्रोग्राम बनवताहेत. तू जाऊन बघशील का?’

मी त्याच दिवशी दुकानातून थेट तिकडे गेले. भाऊजी टेबलाशी होते. पडद्यावर घराचा नकाशा होता, वरून पाहिल्यासारखा. मोठी खोली, स्वयंपाकघर, निजायची खोली, दारं, खिडक्या, कपाटं, सगळं मापात. आणि त्यात एक ठिपका इकडून तिकडे जात होता. मागे बारीक रेघ उमटत होती आणि हळूहळू विरत होती, मुंग्यांच्या वासासारखी.

मी विचारलं, हे कोण. ते म्हणाले, ‘ती.’

माझा पारा चढला. माझी बहीण म्हणजे काय मुंगी आहे का, असं काहीतरी मी बोलले. याहूनही वाईट बोलले, ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड केलं, आणि त्यांच्या हिशेबानं पाहिलं तर एक भाषणच केलं.

‘छोटी, मला तिचा चेहरा आठवतो. आवाज आठवतो. ती चालताना कशी दिसायची ते आठवत नाही. सगळं घर ती चालायची आणि माझी पाठ असायची. मला फक्त एकदा बघायचंय.’

माझ्या वयाला आता मला छोटी म्हणणारे तेवढे एकच उरलेत. मी मुकाट्यानं दुसरी खुर्ची ओढून बसले.

त्यांना माझ्याकडून नियम हवे होते. ती कशी चालायची ते सांग, म्हणाले, मी लिहून घेतो. सांगायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला सगळं माहीत आहे. ती कधी एका दमात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली नाही. अर्ध्या वाटेत थांबायची, कशाला निघालो होतो ते विसरायची, मागे फिरायची, आणि आठवलं की पुन्हा निघायची. खिडकीवरून गेली की पडदा ओढून सारखा करायची. तो पडदा मी तिरका शिवलाय असं तिचं म्हणणं होतं. पडदा सरळ आहे, तिच्या खिडकीचीच चौकट वाकडी होती. रिकाम्या खोलीत दिवा चालू दिसला की हातातलं काम टाकून बंद करायला जायची. बाहेर पडताना दाराला कुलूप लावायची आणि पुन्हा आत यायची, गॅस बघायला. भाऊजी टिपून घेत होते आणि मी बोलत सुटले होते. त्या दिवशी आम्ही दोघं जेवढं बोललो तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून बोललो नसू.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ते मला चालवून दाखवलं. ठिपका स्वयंपाकघरातून निघाला, अर्ध्यात थांबला, मागे गेला, पुन्हा निघाला. खिडकीपाशी घुटमळला. मग दारापाशी गेला, बाहेर पडला, आणि त्याच क्षणी मागच्या भिंतीतून निजायच्या खोलीत आत आला. मला हसू फुटलं. कापडाची सवय! चौकटीबाहेर गेलेलं दुसऱ्या कडेनं आत आणायची ती सोय ते काढायला विसरले होते. जन्मभर पडदे केलेला माणूसच ही चूक करणार. भाऊजी, ताई भिंतीतून आली, असं म्हणून मी हसत त्यांच्याकडे पाहिलं तर ते पडद्याकडे बघत होते. ठिपका पुन्हा दाराबाहेर गेला आणि पुन्हा आत आला. मग पुन्हा. माझं हसणं कुठच्या कुठे गेलं. मी म्हटलं, दुरुस्त करणार ना? ते म्हणाले, ‘करतो. राहू दे जरा.’

दुरुस्त केलं त्यांनी. भिंती पक्क्या झाल्या, दार दारासारखं झालं. पण त्यानंतरचे कितीतरी रविवार ताई काही जमेना. नियम सगळे बरोबर होते. थांबणं, विसरणं, दिवे, पडदा, गॅस. तरी ठिपका चालायला लागला की मला परका वाटायचा. मी एकदा वैतागून म्हणाले, ही ताई नाही, ही कुणाकडे पहिल्यांदाच आलेली पाहुणी आहे, बाथरूम शोधतेय. भाऊजींनी मान हलवली आणि आणखी एक नियम घातला. पाहुणी बाथरूम शोधतच राहिली.

ते वाळायला लागले होते. कारखान्यातून मालकांचा मला निरोप आला की मुंगीसाहेबांचं कामात लक्ष नाही, एका नक्षीत सांधा उघडा राहिला आणि सगळा माल परत घ्यावा लागला. भाची फोनवर म्हणाली, मावशी, त्यांना थांबव. मी तिला हो म्हटलं. पण थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. त्यांना एकदा बघायचं होतं, मला पुष्कळदा.

मग एका रविवारी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले. ते खिडकीपाशी उभे होते, खुर्ची टेबलापासून ढकललेली, रिकामी. मी स्वयंपाकघरातून ताट घेऊन आले आणि खुर्चीला वळसा घालून टेबलाकडे गेले. तिथे कुणी बसलेलं नव्हतं. एका हातानं खुर्ची बाजूला सारली असती तरी चाललं असतं. पण त्या घरात वळसा घालायची पायांना सवय. भाऊजी माझ्या पायांकडे बघत राहिले.

‘मी नाहीये त्यात,’ ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात पहिल्या दिवशी शिकणाऱ्या पोरालाही ते हेच सांगत आले होते की एकट्या पक्ष्याचा थवा होत नाही. एकट्याला सोडलं तर तो नाकासमोर उडत जातो, दिसतोही लाकडी. त्याचं वळणं, मागे येणं, गती कमी करणं, सगळं शेजाऱ्यामुळे असतं. आणि इथे त्यांनी सगळं घर मांडलं, कपाटं मांडली, दिवे मांडले, तिला त्यात एकटीला सोडलं. स्वतःला ठेवायचंच विसरले.

ताट तसंच राहिलं. त्यांनी टेबलापाशी एक ठिपका ठेवला. तो हलत नव्हता, नुसता बसून. ताईच्या ठिपक्याला सांगितलं, याला धडकायचं नाही. ठिपका त्याला लांबून वळसा घालून जायला लागला. मी म्हटलं, छे, तुमचा काय तिला विटाळ होता? ती जवळून जायची. तुमच्या मागे यायची, खांद्यावरून काय चाललंय ते बघायची आणि जायची. रोज. कितीतरी वेळा.

‘कितीतरी वेळा?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुमच्या ते लक्षातही यायचं नाही.

 धडकायचं नाही हा नियम तसाच ठेवून त्यांनी खाली दुसरा लिहिला, फार लांब जायचं नाही. आणि चालू केलं.

ताई स्वयंपाकघरातून आली. अर्ध्यात थांबली, मागे फिरली, पुन्हा आली. खिडकीकडे निघाली होती पण वाटेत जरा वळली, टेबलाजवळ येताना हळू झाली, त्यांच्या मागे उभी राहिली, आणि मग गेली. दिवा बंद केला. परत जाताना पुन्हा वळली, पुन्हा हळू झाली.  ती तीच होती. चेहरा नाही, साडी नाही, आवाज नाही, मोहरीएवढा ठिपका, आणि मी शपथेवर सांगते, ती माझी बहीण होती. मी तोंडावर पदर धरला. भाऊजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मग दिसेना म्हणून घाईघाईनं परत लावला.

जसजशी ती चालत राहिली तसतशा विरत्या रेघांवर नव्या रेघा चढत गेल्या आणि त्यातून एक चित्र उमटलं. सगळ्या घरभर पसरलेल्या बारीक वाटा, आणि त्या एका बसलेल्या ठिपक्याभोवती दाट, गच्च झालेल्या. त्यांनी जन्मात काढलेल्या सगळ्या नक्ष्यांपेक्षा ही सुंदर होती. मी म्हटलं, छापून आणा, मी पडदा शिवते, या खेपेला सरळ शिवते. ते म्हणाले, ‘छापली की थांबेल ती.’ मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतरही मी दर रविवारी जात राहिले. आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसायचो आणि ताईला चालताना बघायचो. भाचीला सांगितलं की बाबा बरे आहेत, जेवतात, काळजी करू नकोस. ते खोटं नव्हतं. त्यांचा रंग सुधारला होता, कारखान्यातलं कामही मार्गी लागलं होतं. मला वाटलं, त्यांना हवं होतं ते मिळालं.

असाच एक रविवार होता, मी निघायच्या तयारीत. पर्स खांद्याला लावली होती. भाऊजी म्हणाले, ‘छोटी, एक नियम राहिलाय.’

मी विचारलं, कुठला.

त्यांनी प्रोग्राम चालू केला. ताई स्वयंपाकघरात होती, ओट्यापाशी. टेबलाजवळचा ठिपका, इतके दिवस जागचा न हललेला, उठला. सावकाश खोलीतून निघाला, स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला आणि तिच्याजवळ जाऊन थांबला. ताईचा ठिपकाही थांबला. दोघंही तसेच उभे. मी वाट पाहिली, पण पुढे काही होईना.

‘इथून पुढे लिहिता येत नाही,’ ते म्हणाले. ‘मी उठून आत गेलो असतो तर तिनं काय केलं असतं? मला माहीत नाही. तू सांग.’

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं, असं सगळे म्हणतात. काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण माझी बहीण मला माहीत होती, आणि त्यांनी खोटं मागितलं नव्हतं. मी म्हटलं, ‘तिनं विचारलं असतं, अहो, काय हवंय?’

त्यांनी मान हलवली. ‘हो. तेच विचारलं असतं.’ मग ते पडद्याकडे वळले. ‘आणि मी म्हटलं असतं, काही नको, सहज आलो. तर?’

 ताई हसली असती का? घाबरली असती, बरं वाटत नाहीये की काय म्हणून कपाळाला हात लावून बघितला असता? की नुसती सरकून जागा दिली असती? मी पर्स खांद्यावरून उतरवून पुन्हा खुर्चीत बसले. पडद्यावर ते दोघं स्वयंपाकघरात उभे होते, धडकणार नाहीत एवढ्या अंतरावर, आणि पुढे काय करायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून थांबले होते. ताईला माझ्याइतकं कुणी ओळखत नव्हतं, आणि मलाही ते सांगता येईना.